चाळीसही आमदारांना, डिचोलीच्या एका झेरॉक्स दुकानातून

प्रति,
सर्व सन्माननीय सदस्य,
गोवा विधानसभा, पर्वरी.

विषय : नोकरी कुठे आहे, ते सांगण्याबाबत.

महोदय, महोदया,

दिवसाला दहा-बारा अर्ज टाइप करतो, त्यामुळे विषय आणि संदर्भ घातल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. विषय वर दिला. संदर्भ असा, की पंधरवड्यापूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका सत्काराच्या कार्यक्रमात तुमच्यापैकी एक सन्माननीय माइकवरून म्हणाले, "आमच्या भुरग्यांक काम नाका, खुर्ची जाय." म्हणजे आमच्या पोरांना काम नको, सरकारी खुर्ची हवी. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्यांत सात-आठजण माझे गिऱ्हाईक होते. त्यांचे बायोडाटा माझ्याच संगणकात आहेत. ते टाळ्या का वाजवत होते तेही मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना त्याच सन्माननीयांच्या अंगणात नोकरीसाठी फाइल घेऊन उभं राहायचं होतं.

नाव घेत नाही, कारण हे वाक्य एकट्याचं नाही. सत्तेतले म्हणतात, विरोधातले म्हणतात, उद्योजकांच्या बैठकीत तर ते चहा-बिस्किटांबरोबर येतं. म्हणून पत्र चाळीसही जणांना.

मी कोण, तेही सांगतो. २००९ साली कर्ज काढून मी टिप्पर घेतला. चीनला खनिज जात होतं, आणि डिचोलीहून सारमानसच्या जेटीपर्यंत ट्रिपा मारणाऱ्याला बँक उभ्याउभ्या कर्ज देत होती. पावसाळ्यात गाड्या उभ्याच असतात, चवथ (गणेश चतुर्थी) झाली की सुरू. २०१२ सालीही मी मागचे चार टायर नवे घालून ठेवले होते. १० सप्टेंबरला सरकारने खाणी थांबवल्या. चवथीला नऊ दिवस होते. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. एप्रिल २०१४ मध्ये ती उठली, वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेवर, तोवर नव्या टायरांना उभ्याउभ्याच चिरा पडल्या होत्या. मी गाडी मिळेल त्या भावाला फुंकली आणि जुनं झेरॉक्स मशीन घेतलं. त्यात काही दूरदृष्टी नव्हती, निव्वळ कंटाळलो होतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि १६ मार्चपासून सगळं पुन्हा ठप्प झालं, तेव्हा लोक म्हणाले, तू वेळेवर सुटलास.

खाणी जशा चालल्या तशा चालायला नको होत्या, हे डिचोलीत राहून लाल धूळ खाल्लेला माणूस तुम्हाला सांगतो आहे. त्यावर वाद नको. मला दुसरंच म्हणायचं आहे. एका तालुक्याचं पोट ज्यावर चालत होतं ते एका रात्रीत बंद झालं, आणि त्या दिवसापासून इथल्या पोरांना घराघरातून एकच दार दाखवलं गेलं : सरकारी. आता लिलाव होऊन खाणी पुन्हा सुरू होऊ लागल्या आहेत, पण त्या वेळच्या ट्रकांच्या रांगा काही परतल्या नाहीत. दार तेच राहिलं.

माझं दुकान त्या दाराच्या वाटेवर आहे. सुरुवातीला कारकुनाच्या जागेसाठी बारावीवाले यायचे. आता त्याच जागेसाठी एम.कॉम. येतात, बी.ई. येतात, आणि शिपायाच्या जागेसाठी पदवीधर येतात. ते फॉर्म भरताना शिक्षणाच्या रकान्यात सगळं लिहू की दहावीच लिहू, असं हळूच विचारतात. खुर्ची पाहिजे म्हणणारा माणूस असं विचारत नाही.

तुम्हाला आकडे हवे असतील. केंद्राचं श्रमबल सर्वेक्षण असतं, पेपरवाले त्याला पीएलएफएस म्हणतात. त्यात २०२२-२३ साली गोव्याचा बेकारीचा दर ९.७ टक्के निघाला, देशाचा ३.२. पुढच्या वर्षी देशाचा तिथेच राहिला, आपला ८.५ वर आला. दोन्ही वर्षी राज्यांच्या यादीत आपण सगळ्यांत वर. आकडा छापून आला की उत्तर ठरलेलं असतं : नमुना लहान आहे, आकडे बरोबर नाहीत. बरं, नसतील. मग तुमचे खरे आकडे कुठे आहेत? रोजगार विनिमय केंद्राच्या नोंदणीवर तर माझाही विश्वास नाही, कारण खाजगीत लागलेला मुलगा कार्ड रद्द करत नाही, सरकारी लागेपर्यंत नूतनीकरण करतच राहतो. मीच करून देतो. म्हणजे केंद्र सरकारचा आकडा तुम्हाला पटत नाही, राज्याचा मला पटत नाही, आणि या दोहोंच्या मध्ये पोरगं उभं आहे.

एक गोष्ट मात्र सन्माननीयांच्या बाजूने मान्य करतो. बिहारचा दर आपल्यापेक्षा कितीतरी खाली आहे, पण म्हणून बिहारात नोकऱ्यांचा सुकाळ आहे असं कोणी म्हणणार नाही. तिथल्या माणसाला घरी बसणं परवडत नाही, मिळेल ते करतो. नाहीतर गाडी धरून आमच्याकडे येतो. आमचा मुलगा बापाच्या पेन्शनीवर, मागच्या भाड्याच्या दोन खोल्यांवर तीन-चार वर्षं वाट पाहू शकतो. पाहतोही. पण त्याला वाट पाहायला शिकवलं कोणी, ते तुमच्याच अंगणात विचारा.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला मी शटर अर्धं ओढलं होतं. सत्तरी तालुक्यातल्या एका गावची मुलगी वाकून आत आली. "भाऊ, आयज निमाणो दीस." आज शेवटचा दिवस. कनिष्ठ कारकुनाची जागा. निळी क्लिपची फाइल, कडा झिजलेल्या. आत पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, रोजगार कार्ड, जातीचा दाखला, संगणकाचं प्रमाणपत्र, सगळ्या मार्कशीटा, आणि वडिलांच्या जन्मनोंदीत आडनाव पोर्तुगीज स्पेलिंगात असल्यामुळे 'ही आणि ती व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र. (हे प्रतिज्ञापत्र प्रकरण गोव्याबाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही.) फोटो सांगितलेल्या आकारात बसेना. तीनदा कापला. मग सही बसेना. मग पान लटकलं आणि नुसतं चक्र फिरत राहिलं. तिच्या गावची शेवटची बस साडेसातची. ती एकदा स्क्रीनकडे पाहत होती, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे. सात पंचवीसला पैसे भरल्याची पावती आली, मी प्रिंटची कमांड दिली आणि ती धावली. फाइल नेली, पावती प्रिंटरवरच राहिली. अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

हा तिचा अकरावा अर्ज. तिच्या नावाचं फोल्डर माझ्याकडे आहे, म्हणून मोजता आले. अकरांपैकी चारांचे निकाल लागले. दोन जाहिराती रद्द झाल्या. उरलेल्यांचं काय झालं ते ना तिला माहीत, ना मला. दर वेळी अर्ज, दर वेळी कागद, दर वेळी एक दिवस आणि दोन बसा.

तुम्ही २०१९ साली कायदा करून कर्मचारी निवड आयोग आणलात. उशिरा का होईना तो कामाला लागला, परीक्षा संगणकावर होऊ लागली. हे चांगलं झालं, आणि मी ते दुकानात प्रत्येकाला सांगतो. पोरं ऐकतात, मान डोलावतात, आणि सोबत आलेला बाप म्हणतो, "परीक्षा दे गो, पण भायांकय मेळून यो." मेळून म्हणजे भेटून, आणि भाई म्हणजे तुम्ही. या बापाला मी दोष कसा देऊ? त्याला स्वतःला वीस वर्षांपूर्वी नोकरी तशीच लागली होती.

शिवाय आपल्याकडे सरकारी नोकरीची वयोमर्यादा ४५. चांगल्या मनाने ठेवली असेल, खाणबंदीत सापडलेल्या पुष्कळांना तिचा उपयोगही झाला. पण तिशीच्या मुलाला ती सांगते की अजून पंधरा वर्षं आहेत, थांब. माझ्या समोर दोघांनी कारखान्यातली कायम व्हायला आलेली नोकरी सोडली, कारण लेखी परीक्षेत गुण चांगले पडले होते. पुढची पायरी आलीच नाही. मर्यादा खाली आणा असं मी म्हणत नाही. आणलीत तर माझंच दुकान फोडतील. जाहिरात कधी निघणार आणि निकाल कधी लागणार, एवढं ठरलेलं असेल तर माणूस ४५ पर्यंत लोंबकळत राहणार नाही.

आता खाजगीकडे येतो, कारण 'काम नाका' हे वाक्य खरं त्यासाठीच आहे.

वेर्णा, कुंडई, करासवाडा, तुये, पिसुर्ले. या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत, पॅकिंगची, क्यूसीची (माल तपासायची), मशीन चालवायची कामं आहेत. आहेत हे आम्हाला कसं कळतं? कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवरून, नाहीतर ठेकेदाराच्या माणसाकडून. २०२४ च्या मे महिन्यात इथल्या औषध कारखान्यांतल्या जागांसाठी मुलाखती महाराष्ट्रात ठेवल्याचं उघड झालं, तेव्हा तुम्ही सगळे खवळलात. आठवडाभर पेपर भरले, मग पाऊस सुरू झाला. पण २५ किंवा अधिक माणसं असलेल्या खाजगी आस्थापनाने रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवायच्या, असा कायदा १९५९ सालापासून होता. भरती तिथूनच करा असं तो म्हणत नव्हता, फक्त कळवा म्हणायचा. नाही कळवलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड पाचशे रुपयांपर्यंत होता, पुढच्याला हजारपर्यंत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाचशेला एक बरा इसवण (सुरमई) येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तशीच तरतूद नव्या नावाने आली आहे, विनिमय केंद्राचं आता 'करिअर सेंटर' झालं आहे. नाव बदलल्याने पाटी रंगवणाऱ्याला काम मिळेल, तेवढं तरी झालं.

बाहेरून आलेल्यांवर माझा राग नाही, हे इथेच लिहून ठेवतो. ट्रॉलरवर ओडिशाचा माणूस आहे म्हणून आपल्या ताटात मासळी आहे. आणि आमचीही पोरं बाहेर जातातच. तारवटी म्हणून बोटीवर जातात, त्यांच्या सीडीसीचे (खलाशाच्या नोंदवहीचे) कागद मीच स्कॅन करतो. आजोबांचा जन्म पोर्तुगीज काळातला म्हणून पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनच्या नोंदीमागे धडपडणारेही येतात. घरी बसायची हौस असती तर कोणी आठ-आठ महिने समुद्रावर गेलं नसतं.

माझ्या भाचीचं सांगतो. बी.एस्सी., रसायनशास्त्र, पहिला वर्ग. एका औषध कारखान्यात लागली. कारखाना कोणता ते लिहीत नाही, कारण तिची मैत्रीण अजून तिथे आहे. नेमणुकीचं पत्र कारखान्याचं नव्हे, ठेकेदाराचं, अकरा महिन्यांचं. बाराव्या महिन्यात दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाचं नवं पत्र, म्हणजे नोकरीला पुन्हा पहिला दिवस. हातात सोळा हजार. दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची. कंपनीची गाडी हमरस्त्याने जाते आणि फाट्यावर सोडते, आमचा वाडा तिथून साडेचार किलोमीटर आत. रात्री अकरानंतर त्या रस्त्यावर गुरं असतात आणि खड्डे असतात, कदंब महामंडळाची बस नसते. ती फाट्यावर स्कूटर ठेवायची. जुलैमधल्या एका रात्री पावसात घसरली, मनगट मोडलं. रजेचे पैसे कोण देणार यावर ठेकेदार कारखान्याकडे बोट दाखवायचा, कारखाना ठेकेदाराकडे. प्लास्टर निघेपर्यंत पत्राची मुदत संपली.

आज सर्वेक्षणवाला घरी आला तर तो तिला बेकारांत मोजेल. सन्माननीय मोजतील तर आळशांत. सध्या ती सरकारी परीक्षेची पुस्तकं वाचते. मी काही बोलत नाही.

हा बसचा मुद्दा तुम्हाला किरकोळ वाटेल म्हणून थोडा रेटतो. २०११ च्या जनगणनेत आपण १४ लाख ५८ हजार होतो आणि त्यातले ६२ टक्के शहरी. उत्तरेच्या पत्रादेवीपासून दक्षिणेच्या पोळेपर्यंत गोवा म्हणजे एक लांबट शहरच झालं आहे, फक्त शहराला असते तशी रात्रीची बस त्याला नाही. ज्याच्याकडे दुचाकी आहे आणि घरून रात्री बाहेर पडायची मुभा आहे, त्यालाच दुसरी पाळी. म्हणजे बहुतेक मुलगे. मुली मग सकाळी साडेनऊ ते पावणेसहाची नोकरी शोधतात, आणि ती कोणाकडे असते ते तुम्हाला माहीत आहे.

यापुढचं लिहू नये असं घरच्यांचं म्हणणं होतं.

२०२४ साली, पाऊस सुरू व्हायच्या आधी, एक ओळखीचे गृहस्थ स्टॅम्प पेपर घेऊन आले. सहा लाख रुपये हातउसने, परत करायची मुदत एक वर्ष. देणाऱ्याचं नाव लिहिलं, घेणारे हे स्वतः. मी सहज विचारलं, घर बांधताय? म्हणाले, घरगुती अडचण. मी टाइप केलं, दोन प्रती काढल्या, साठ रुपये घेतले. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकारी नोकरी लावतो सांगून पैसे उकळणाऱ्यांच्या अटका सुरू झाल्या, रोज नवी बातमी. एके दिवशी ते गृहस्थ पुन्हा आले. खुर्चीवर न बसता म्हणाले, "तुज्या कंप्युटरांत ती कॉपी आसा?" पैसे मुलाच्या नोकरीसाठी दिले होते. नोकरी नाही, पैसे नाहीत, मधला माणूस फोन उचलत नाही, आणि सावकार दारात. मी म्हटलं, तक्रार द्या. ते म्हणाले, दिली तर मीही आत जाईन. कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलिसांना कळवावं लागतं. ते आले होते सहा महिन्यांनी.

ती फाइल मी अजून पुसलेली नाही. तुमच्यापैकी कोणाचा याच्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण त्या मधल्या माणसाने दाखवलेलं आमिष खपलं का? सरकारी नोकरी 'भेटून' मिळते हे इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे म्हणून. आणि ते पाठ झालं तुमच्या अंगणातल्या त्या सकाळच्या रांगेत.

आता मागण्या. मोठ्या नाहीत. खाजगी नोकऱ्यांत ८० टक्के गोमंतकीयांची सक्ती मी मागत नाही. हरियाणाने ७५ टक्क्यांचा कायदा केला होता, उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. निवडणुकीच्या तोंडावर तुमच्यापैकी कोणी ८० टक्क्यांचं आश्वासन देणार असेल तर त्या निकालाची प्रत मी दुकानातून देईन, झेरॉक्स फुकट.

एक. गोव्यातल्या प्रत्येक मोठ्या आस्थापनातली रिकामी जागा, पगार, पाळी, आणि नेमणूक कारखान्याची की ठेकेदाराची, हे दर सोमवारी एका जागी जाहीर व्हावं. मराठीत, कोंकणीत, इंग्रजीत. न कळवणाऱ्या आस्थापनांची नावं विधानसभेच्या प्रत्येक अधिवेशनात पटलावर ठेवा. दंडापेक्षा त्याची लाज जास्त वाटेल.

दोन. सरकारी भरतीचं वर्षाचं वेळापत्रक एप्रिलमध्ये काढा. कोणत्या खात्याच्या किती जागा, परीक्षा कधी, निकाल कधी. जाहिरात रद्द केली तर कारण लिहा आणि अर्जाचे पैसे परत करा. कागद एकदाच तपासा आणि जपून ठेवा, त्या मुलीला अकरा वेळा तीच व्यक्ती असल्याचं शपथेवर सांगायला लावू नका. यात माझा धंदा बुडेल. बुडू दे.

तीन. ठेक्यावरचा कामगार त्याच जागेवर, त्याच मशीनवर दोन वर्षं काढतो तेव्हा त्याची सेवा सलग धरा, ठेकेदार बदलला तरी. पी.एफ., रजा आणि अपघाताची जबाबदारी कारखान्यावर टाका, म्हणजे बोटं दाखवणं थांबेल.

चार. औद्योगिक वसाहतींतून दुसरी पाळी सुटल्यावर कदंबच्या बसा तालुक्यांच्या आतल्या गावांपर्यंत सोडा. सुरुवातीला दोनच मार्ग घ्या, कुंडई-डिचोली आणि वेर्णा-फोंडा. तीन महिने रिकाम्या धावल्या तर बंद करा, मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

पाच, आणि याला एक पैसा लागत नाही. तुमच्या घराच्या फाटकावर पाटी लावा : 'नोकरीच्या फायली इथे घेतल्या जात नाहीत.' चाळीसही जणांनी, एकाच दिवशी. एकट्याने लावली तर शेजारच्या मतदारसंघातला पुढची निवडणूक जिंकेल, हे मलाही कळतं.

हे पत्र तुम्हा सगळ्यांना टपालाने पाठवतो आहे. चाळीस प्रती माझ्याच मशीनवर काढल्या. उत्तर आलं तर दुकानाच्या दर्शनी काचेवर लावीन. त्या काचेवर कोचिंग क्लासच्या आणि कर्जाच्या जाहिराती होत्या, त्या काल खरवडून काढल्या. उजवीकडची अर्धी काच सोमवारच्या यादीसाठी रिकामी ठेवली आहे. यादी पीडीएफ असली तरी चालेल, प्रिंट मी काढून घेईन.

कळावे,
आपला,
डिचोलीचा एक झेरॉक्सवाला